कंपनी सांगते २४, गाडी देते १५ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात मोटारीविषयीचे प्रश्न मागवले, तेव्हा विमा, बॅटरी, पावसाळ्यातील ब्रेक अशा निरनिराळ्या विषयांवर पत्रे येतील अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांत एकच तक्रार होती : गाडी सांगितलेले ॲव्हरेज देत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तेव्हा ही तक्रार घरोघरची असावी याचे नवल वाटू नये. म्हणून या अंकातील संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी म्हापशाहून रोज पणजीला नोकरीसाठी जातो. गेल्या वर्षी १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची नवी हॅचबॅक घेतली. माहितीपत्रकात लिटरला २४ किलोमीटर असे छापलेले आहे. मला १५ च्या वर कधीही मिळालेले नाही. दोनदा गाडी दाखवून आणली. दोन्ही वेळा ‘गाडीत काही नाही, चालवण्याची पद्धत बदला’ एवढेच ऐकून घ्यावे लागले. छापलेला आकडा खोटा आहे, की माझ्या गाडीतच दोष आहे?
— एक सरकारी कर्मचारी, म्हापसा

उत्तर : तुमच्या पत्रातील तपशील पाहता गाडीत दोष असावा असे वाटत नाही आणि छापलेला आकडाही खोटा नाही. तो आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला हे मात्र माहितीपत्रकात कोणी सविस्तर लिहीत नाही आणि सारा घोळ तिथेच होतो.

पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेत गाडी रोलरवर उभी केली जाते. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते, आणि चालक समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करीत जातो. या ठरीव आलेखाला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ असे नाव आहे. ही चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी असते आणि तेवढ्या वेळात गाडी साडेदहा किलोमीटरांच्या आसपास अंतर ‘कापते’. म्हणजे ताशी सरासरी वेग सुमारे ३२ किलोमीटर पडतो. शहरी भागाच्या आलेखात वेग ५० च्या वर जात नाही आणि शहराबाहेरच्या भागात ९० च्या वर जात नाही. एसी बंद असतो, खोलीचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवलेले असते, चढ नसतो, वारा नसतो, पाऊस नसतो. शहरी आलेखात शून्यावरून ५० चा वेग गाठण्यासाठी एके ठिकाणी २६ सेकंद दिलेले आहेत. म्हापशाच्या सिग्नलवरून तुम्ही २६ सेकंदांत ५० वर पोहोचलात, तर मागचा दुचाकीस्वार तुमच्याविषयी काय बोलेल ते येथे छापता येणार नाही. पेट्रोलही टाकीतून मोजत नाहीत. धुराच्या नळीतून बाहेर पडलेल्या वायूंतील कार्बन मोजून त्यावरून किती इंधन जळले याचा हिशोब मांडतात. ही पद्धत अत्यंत अचूक आहे. अनेक गाड्यांची एकमेकींशी तुलना करता यावी म्हणून ती बनवली आहे, आणि त्या कामासाठी ती आजही उपयोगी आहे. तुमच्या वाटेवरील पर्वरीच्या वाहनांच्या रांगेत तुम्हाला किती पेट्रोल लागेल हे सांगणे तिचे काम नव्हे.

छापील आणि प्रत्यक्ष आकड्यांतील ही दरी केवळ आपल्याकडची नाही. युरोपात अलीकडच्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा बसवणे सक्तीचे झाले आहे. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांची अशी माहिती तपासून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पेट्रोल गाड्यांचा प्रत्यक्ष वापर अधिकृत आकड्यापेक्षा सरासरी २३.७ टक्क्यांनी अधिक आढळला. आणि त्यांची चाचणी आपल्या चाचणीपेक्षा कडक आहे. हेच प्रमाण तुमच्या २४ ला लावले, तर लिटरला १९.४ किलोमीटर एवढे उत्तर येते.

आता १९ वरून १५ वर कसे आलो ते पाहू. तुम्ही लिहिता की १३ किलोमीटरांच्या या प्रवासाला सकाळी ५० मिनिटे लागतात आणि त्यांतील निदान १५ मिनिटे गाडी जागची हलत नाही. उभी गाडी एसी चालू असताना तासाला साधारण ०.८ लिटर पेट्रोल पिते. म्हणजे १५ मिनिटांत २०० मिलिलिटर. लिटरला १५ या हिशोबाने तुमचा एका बाजूचा एकूण खर्च ८७० मिलिलिटरच्या आसपास आहे. त्यातून उभ्या-उभ्या गेलेले २०० वजा केले, तर उरलेल्या ६७० मिलिलिटरमध्ये गाडीने १३ किलोमीटर अंतर कापले आहे. भागाकार करून पाहा : लिटरला १९.४. म्हणजे तुमची गाडी चालते तेव्हा जेवढे द्यायला हवे तेवढे देते. ती उभी असते तेव्हा मात्र काहीच देत नाही, आणि त्या वेळचे पेट्रोल आपण गाडीच्या नावावर लिहितो.

त्यामुळे ‘पद्धत बदला’ हा तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धवट आहे. बदलायची आहे ती वेळ. घरून २० मिनिटे आधी निघणे शक्य असेल, तर त्याचा उपयोग पायाच्या कोणत्याही कसबापेक्षा अधिक होईल. गाडीत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय असेल, तर ती बंद करून ठेवू नका. उन्हाळ्यात एसीमुळे इंजिन लगेच पुन्हा सुरू होते हे खरे, परंतु इतर महिन्यांत ती सोय पैसे वाचवते.

एक गणित येथेच सांगून ठेवतो, कारण ते बहुतेकांना उलटे वाटते. तुमचे महिन्याचे अंतर साधारण ६५० किलोमीटर आहे. ॲव्हरेज १५ वरून १७ झाले, तर महिन्याला ५ लिटर वाचतात. ज्याची गाडी आधीच २२ देते त्याने तेवढ्याच अंतरावर २४ गाठले, तर त्याचे जेमतेम अडीच लिटर वाचतात. दोन्हीकडे वाढ दोनचीच आहे, पण बचत निम्मी. कमी ॲव्हरेज देणाऱ्याने थोडे जरी सुधारले तरी फायदा मोठा असतो. म्हणून शंभर किलोमीटरला किती लिटर लागले असा उलटा हिशोब ठेवणे अधिक प्रामाणिक असते. युरोपात तो तसाच ठेवतात. आपल्याला ‘किती देते’ असे विचारण्याची सवय आहे आणि ती एवढ्यात सुटेल असे दिसत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीच्या पडद्यावर लिटरला १९.८ दिसते. माझ्या वहीतील हिशोब १८.२ दाखवतो. चिरंजीव म्हणतात की संगणक चुकत नाही. खरे कोणते?
— एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक, काणकोण

उत्तर : वही खरी, अर्थात वही नीट लिहिलेली असेल तर. पडद्यावरचा आकडा पेट्रोल मोजून येत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून अंदाज बांधून येतो, आणि तो अंदाज बहुधा थोडा चढाच असतो. चिरंजीवांना एवढेच सांगावे की संगणक चुकत नसला, तरी त्याला जे शिकवले तेच तो सांगतो.

वही नीट लिहिण्याची रीत अशी. नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी फुल करावी आणि त्यानंतर ‘राउंड फिगर’साठी एक थेंबही वाढवू नये. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. टाकी निम्म्याहून अधिक रिकामी झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच बाजूच्या नळीने, पुन्हा आपोआप थांबेपर्यंत भरावी. मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या खेपेला भरलेल्या लिटरांनी भागावे. पाचशे रुपयांचे पेट्रोल घालून काट्यावरून काढलेले ॲव्हरेज हे ॲव्हरेज नव्हे. एका खेपेवरही विसंबू नये, कारण नळी थोडी आधी किंवा थोडी उशिरा थांबली तरी अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. चार-पाच खेपांची बेरीज घेतली की तो फरक विरून जातो. माझ्या स्वतःच्या गाडीच्या पुढच्या खणात अशी वही आहे, आणि घरच्यांनी तिची पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु पुढचा ब्रेक अडकल्याचे मला गाडीच्या आवाजावरून नव्हे, तर त्या वहीवरूनच प्रथम कळले.

टायर बदलताना मूळ मापापेक्षा मोठे घातले असतील, तर तेही कळवावे. टायरचा व्यास तीन टक्क्यांनी वाढला, तर मीटर तीन टक्के कमी किलोमीटर दाखवतो. अशा वेळी वहीसुद्धा खोटी ठरते.

प्रश्न : मी मडगावात राहते. मुलीला शाळेत सोडणे, बाजार, बँक, पुन्हा शाळा, एवढाच गाडीचा वापर. एकही फेरी चार किलोमीटरांच्या वर जात नाही. ॲव्हरेज ११ ते १२. तीच गाडी रविवारी माझे यजमान पणजीला नेतात तेव्हा १८ देते, आणि मग मला ऐकावे लागते की मी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते. याचे काही उत्तर आहे का?
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर : आहे, ताई, आणि ते यजमानांना वाचून दाखवावे.

थंड इंजिन सुरू होते तेव्हा त्याला नेहमीपेक्षा अधिक पेट्रोल द्यावे लागते, कारण थंड धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. शिवाय धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून पहिली काही मिनिटे इंजिन मुद्दाम जास्त फेऱ्यांवर ठेवलेले असते. ऑइल दाट असते, गिअरबॉक्समधील ऑइल त्याहून दाट असते, आणि पडद्यावर थंडपणाचा निळा दिवा विझला तरी ऑइल पुरते तापायला आणखी वेळ लागतो. गोव्यात कडाक्याची थंडी नसल्यामुळे हा भुर्दंड उत्तरेकडच्या मानाने सौम्य आहे, पण तो चुकत नाही. तुमची फेरी चार किलोमीटरांची. म्हणजे इंजिन कामावर येते न येते तोच तुम्ही ते बंद करता आणि तासाभराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. यजमानांच्या रविवारच्या फेरीत हा खर्च तीसेक किलोमीटरांवर वाटला जातो. त्यांनी एक आठवडा तुमच्या फेऱ्या माराव्यात. त्यांनाही १२ च मिळतील.

त्यात एसीची भर. बाजाराच्या उघड्या जागेत तासभर उन्हात उभी केलेली गाडी भट्टीसारखी तापते आणि एसी पहिली पाच-सात मिनिटे पूर्ण जोराने चालतो. तुमची फेरी तेवढ्यात संपतेही. म्हणून निघताना चारही काचा खाली करून मिनिटभर गाडी चालवावी, गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग काचा लावून एसी आतल्या हवेवर ठेवावा. सावलीतील जागा थोडी लांब असली, तरी ती पत्करावी. शक्य असेल तेथे फेऱ्या जोडाव्यात : शाळेतून तशाच बँकेत, बँकेतून बाजारात. सर्वांत लांबचे काम आधी केले, तर पुढच्या थांब्यांवर इंजिन गरमच सापडते.

क्लचवर पाय ठेवण्याची सवय खरोखर असेल, तर ती सोडावी. पण पेट्रोलसाठी नव्हे. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरल्याने क्लच प्लेट लवकर जाते, आणि तो खर्च वर्षभराच्या पेट्रोलमधील फरकाहून अधिक असू शकतो.

प्रश्न : आम्ही साखळीचे. बहीण बेळगावला असते, म्हणून महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून जाणे होते. घरापासून घरापर्यंत ८० किलोमीटर. जाताना लिटरला १४ आणि येताना २१ मिळतात. येताना मी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, त्यामुळे २१ मिळत असावेत. भावोजी म्हणतात की न्यूट्रल करू नये, ॲव्हरेज उलट कमी होते. हे कसे शक्य आहे?
— एक व्यापारी, साखळी

उत्तर : या महिन्यातील सर्वांत चांगला प्रश्न हा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम १४ आणि २१. साखळी जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १३०० किलो मानले, तर एवढे वजन ७५० मीटर वर चढवण्यासाठी सुमारे ९५ लाख जूल ऊर्जा लागते. सध्याच्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलच्या एका लिटरमध्ये ३ कोटी जूलच्या आसपास ऊर्जा असते. परंतु इंजिन त्यातील फार तर एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचवते आणि बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि धुरातून निघून जाते. म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी साधारण एक लिटर पेट्रोल जादा लागते. आता तुमचे आकडे घ्या. जाताना ८० किलोमीटरांना ५.७ लिटर लागले, येताना ३.८. दोहोंच्या मध्यावर पावणेपाच लिटर येतात, म्हणजे जाताना सुमारे एक लिटर अधिक गेला आणि येताना जवळपास तेवढाच वाचला. हिशोब इतका जुळतो की तुमच्या वहीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. म्हणजे येताना मिळणारे २१ ही प्रामुख्याने घाटाची देणगी आहे, न्यूट्रलची नव्हे.

जाता जाता आणखी एक. १४ आणि २१ यांची सरासरी १७.५ धरू नका. १६० किलोमीटरांना साडेनऊ लिटर लागले आहेत, तेव्हा खरे उत्तर १६.८ आहे. ॲव्हरेजचे ॲव्हरेज काढायचे नसते.

आता न्यूट्रल. भावोजींचे बरोबर आहे, आणि तुमचेही एके काळी बरोबर होते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल घेणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली, तर इंजिन वेगाने फिरत राही आणि पेट्रोल ओढत राही. तेव्हा न्यूट्रल केल्याने थोडे वाचत असे. आपल्या वडिलांच्या पिढीने तीच सवय लावून घेतली आणि पुढे दिली. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून पेट्रोल फवारतो अशा आजच्या गाडीत मात्र तुम्ही गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्णपणे उचलला, की संगणकाला कळते की चाकेच इंजिनाला फिरवीत आहेत, आणि तो पेट्रोल संपूर्ण बंद करतो. इंजिनाचा वेग आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असतानाच्या किमान वेगाच्या, जवळ येईपर्यंत एक थेंबही जात नाही. याउलट न्यूट्रल केले, तर इंजिनाला चाकांचा आधार राहत नाही, ते बंद पडू नये म्हणून पेट्रोल देत राहावे लागते. म्हणजे ज्या उतारावर पेट्रोल फुकट मिळाले असते, तेथे तुम्ही ते विकत घेता.

अर्थात हे गणित पाच-पन्नास मिलिलिटरचे आहे आणि केवळ त्यासाठी मी एवढी शाई खर्च केली नसती. चोर्ला घाटात न्यूट्रलमध्ये उतरताना गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. वळणामागून वळण असे सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. पावसाळ्यात धुके उतरल्यावर समोरचा ट्रक वीस पावलांवर आल्यावरच दिसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे : ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. या ठिकाणी सुरक्षितता आणि काटकसर एकाच बाजूला आहेत, हा दुर्मीळ योग सोडू नये. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारेही महाभाग आहेत. त्यांच्या ब्रेकचे पॉवर दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. त्यांना सल्ला देण्याची माझी पात्रता नाही.

प्रश्न : माझी गाडी २०१७ ची आहे. चार वर्षांपूर्वी १७ देत होती, आता १५ च्या आसपास देते. पंपावरचे लोक म्हणतात की इथेनॉलमुळे. मेकॅनिक म्हणतो की पेट्रोलच भेसळीचे. एअर फिल्टर दोनदा बदलला, काही फरक पडला नाही.
— एक दुकानदार, फोंडा

उत्तर : इथेनॉलचा वाटा आहे, पण सगळा नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. देशात जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. निव्वळ पेट्रोलशी तुलना केली, तर २० टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी असते. १० टक्के मिश्रणाशी तुलना केली, तर साडेतीन टक्क्यांच्या जवळपास. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणामुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. तुमची घट १७ वरून १५ म्हणजे जवळपास १२ टक्के आहे. इथेनॉलच्या नावावर अगदी सात टक्के लिहिले, तरी पाच टक्के शिल्लक राहतात. ते गाडीत शोधावे लागतील.

एअर फिल्टरने काही फरक पडला नाही, हे अपेक्षितच होते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर मळला तर पिकअप मंदावतो. संगणक हवेच्या मानाने पेट्रोल मोजून देत असल्यामुळे ॲव्हरेजवर मात्र नगण्य परिणाम होतो. फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढते ही समजूत पुन्हा कार्ब्युरेटरच्याच काळातील.

तुम्ही आधी चाकांतील हवा तपासा. दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो. दहा किलोमीटर चालवून गेल्यावर मोजलेला दाब तीन-चार अंकांनी जास्त दिसतो आणि मग पंपावरचा मुलगा हवा उलट कमी करून देतो. त्यानंतर ब्रेक पाहा. आपल्या खाऱ्या आणि दमट हवेत ब्रेक कॅलिपरच्या (चाकाची तबकडी दाबून धरणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकणे हा फार सामान्य विकार आहे. दहा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक मारून गाडी चालवा, मोकळ्या जागी थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न लावता तळवा धरून पाहा. एक चाक इतरांहून स्पष्टपणे गरम लागले, तर तुमचे पाच टक्के तेथे सापडले. तेही ठीक असेल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी कोणते ऑइल घातले ते बिलावर वाचा. पुस्तिकेत पातळ ऑइल सांगितलेले असताना ‘आमच्या हवेला हेच बरे’ म्हणून दाट ऑइल घालणारी गॅरेजे कमी नाहीत. त्यानंतर स्पार्क प्लग आणि शेवटी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप. तो उघडा अडकला असेल, तर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही आणि गाडी मडगावच्या ताईंच्या गाडीसारखी वागते.

भेसळीचा संशय असेल, तर तो मनात ठेवून कुढू नये. प्रत्येक पंपावर वजनमापे खात्याने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप असते आणि ते लावून दाखवण्याची मागणी कोणताही ग्राहक करू शकतो. पेट्रोलची घनता आणि फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते. माप बरोबर निघाल्यावर पंपावाल्याला ‘देव बरें करूं’ (धन्यवाद) म्हणण्याएवढा मोठेपणा मात्र दाखवावा.

प्रश्न : सकाळी थंड वेळी पेट्रोल घातल्यास जास्त मिळते, महाग पेट्रोलने ॲव्हरेज वाढते, नळीवर चुंबक बसवल्यास २० टक्के बचत होते, यांतील खरे काय? आणि शेजाऱ्याची सीएनजी गाडी ३० देते, ते कसे?
— एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : पहिले तत्त्वतः खरे आणि व्यवहारात निरुपयोगी : तापमान दहा अंशांनी वाढले, तर पेट्रोल सुमारे एक टक्क्याने फुगते, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तेथे सकाळ-दुपार सारखीच. दुसरे खोटे : महाग पेट्रोलमध्ये ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता, अधिक असते, पण अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक ऊर्जा नव्हे, पुस्तिकेत तसे पेट्रोल मागितले नसेल, तर जादा पैसे वाया जातात. तिसऱ्यासाठी चुंबक विकत घेण्याऐवजी पाच टायरांची हवा तपासून घ्यावी. शेजाऱ्याचे ३० हे किलोला आहेत, लिटरला नव्हेत. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, तेव्हा तुलनेसाठी ते २० समजावेत. सीएनजीने पैसे वाचतात ते दराच्या फरकाने. गोव्यात २०१२ साली मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट जवळपास शून्यावर आणला, तेव्हा लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले होते. त्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

प्रश्न : नोकरीनिमित्त वास्कोत राहतो, चवथीला (गणेशचतुर्थीला) पेडणे तालुक्यातील मूळ घरी जातो. छपरावर कॅरिअर लावून माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, पाट, भांडी नेतो. ॲव्हरेज बरेच पडते. वजनामुळे का?
— एक कामगार, वास्को

उत्तर : वजनामुळे थोडे, वाऱ्यामुळे जास्त. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो ५६ टक्क्यांनी अधिक होतो. छपरावर ओझे असेल, तर गाडीचा हवेला भिडणारा आकारच बदलतो आणि नव्या झुआरी पुलानंतर रस्ता मोकळा मिळाला म्हणून वेग वाढवला, की त्याची किंमत टाकीतून जाते. जड भांडी डिकीत तळाशी ठेवावीत आणि छपरावर केवळ हलके, सपाट सामान घट्ट बांधून न्यावे. ८० च्या आत राहिल्यास घरी पोहोचायला फार तर दहा मिनिटे उशीर होईल. चाकांतील हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरावी. तोही दारावरच्या त्याच पट्टीवर असतो. त्या वेगाला काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी लावलेला बरा.

रिकामे कॅरिअरही वारा अडवते. अनेक गाड्यांवर ते चवथीपासून शिगम्यापर्यंत तसेच बसलेले दिसते. विसर्जन आटोपून वास्कोला परतलात, की पाना घेऊन ते त्याच संध्याकाळी उतरवावे.